इएसडी पुन्हा पुन्हा ट्रिप होतंय? इनपुट मॉड्यूल बदलण्याआधी वायरचं दुसरं टोक उघडा

इएसडी म्हणजे इमर्जन्सी शटडाऊन, धोक्याच्या वेळी प्लँट थांबवणारी यंत्रणा. तिच्या या त्रासाचं लक्षण असं असतं. प्लँट नीट चाललेला असतो आणि अचानक शटडाऊन वाल्व बंद होतात, पंप थांबतात, कंट्रोल रूममध्ये हूटर वाजतो. सेफ्टी पॅनेल उघडून बघावं तर इनपुट मॉड्यूलच्या, म्हणजे बटणं-सेन्सरचे सिग्नल वाचणाऱ्या कार्डाच्या, एका चॅनेलचा हिरवा दिवा गेलेला आणि लाल लागलेला. स्क्रीनवर ‘डिस्क्रिपन्सी एरर’, नाहीतर ‘क्रॉस सर्किट’, नाहीतर नुसताच ‘चॅनेल फॉल्ट’. इमर्जन्सी बटण कुणी दाबलेलं नाही, गॅस नाही, टाकी भरून वाहिलेली नाही. ॲकनॉलेज केलं, रिसेट केलं, प्लँट उठला. चार दिवस शांत, कधी दहा दिवस शांत. मग पुन्हा तेच.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅनेल वायरिंगपासून सुरुवात केली आणि आता बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटची कामं करतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी, कोजनचे, म्हणजे वीजनिर्मितीचे, बॉयलर, काही फाउंड्री. हा त्रास मी इतक्या ठिकाणी बघितलाय की सविस्तर लिहून ठेवायलाच हवं असं वाटलं. कारण प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी एकच असते: मॉड्यूल खराब आहे, नवीन मागवा. सेफ्टी मॉड्यूल साध्या इनपुट कार्डाच्या कितीतरी पट महाग असतं आणि लगेच मिळतही नाही. बहुतेक वेळा ते खराबही नसतं.

आधी हिरवा दिवा काय सांगतो ते समजून घ्या

इएसडीचं इनपुट ‘करंट आहे तर सगळं ठीक’ या पद्धतीनं बांधलेलं असतं. बटणाचा कॉन्टॅक्ट एनसी, म्हणजे न दाबता जोडलेला. मॉड्यूलमधून २४ व्होल्ट बाहेर जातात, बटणातून फिरून परत इनपुटला येतात. बटण दाबलं की करंट तुटतो आणि प्लँट थांबतो. वायर तुटली, फ्यूज उडाला, पुरवठा गेला, तरी थांबतो. हीच त्यातली खरी सुरक्षितता आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की त्या वाटेवर कुठंही व्होल्टेज कमी पडलं, तर मॉड्यूलच्या दृष्टीनं तेही बटण दाबल्यासारखंच.

किती कमी पडलं म्हणजे, हे आयईसी ६११३१-२ या मानकात ठरलेलं आहे. टाइप १ इनपुट १५ व्होल्टच्या वर ‘चालू’ धरतं, टाइप ३ इनपुट ११ व्होल्टच्या वर. दोन्हीत ५ व्होल्टच्या खाली ‘बंद’. मधल्या जागेत काय धरायचं याची हमी कुणीच देत नाही. तुमचं मॉड्यूल कुठल्या टाइपचं आहे हे डेटाशीटमध्ये असतं. ते आधी बघून ठेवा, पुढं लागणार आहे.

महत्त्वाच्या ठिकाणी एका बटणाला दोन कॉन्टॅक्ट असतात आणि दोन चॅनेल मॉड्यूलपर्यंत येतात. दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. एकानं ‘दाबलंय’ म्हटलं आणि दुसऱ्यानं ‘नाही’ म्हटलं, आणि हा मतभेद, म्हणजेच डिस्क्रिपन्सी, ठरलेल्या मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकला, तर मॉड्यूल दोघांवरही विश्वास ठेवत नाही. चॅनेल सुरक्षित बाजूला नेऊन ठेवतं आणि माणसानं येऊन ॲकनॉलेज केल्याशिवाय परत घेत नाही. सीमेन्सच्या मॅन्युअलमध्ये याला पॅसिव्हेशन म्हणतात, दुसऱ्यांकडे नाव वेगळं, वागणं साधारण तेच.

लूप मारू नका

कारणांकडे जाण्याआधी एवढं सांगतोच. रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा ट्रिप झालं, फर्मेंटरमध्ये माल पडून आहे, शिफ्ट इन्चार्ज डोक्याशी उभा आहे, तेव्हा हात आपोआप वायरच्या तुकड्याकडे जातो. टर्मिनलच्या दोन स्क्रूमध्ये लूप टाकला की त्रास संपला. ‘उद्या काढू’ असं म्हणूनच तो टाकला जातो.

एका फाउंड्रीत वार्षिक तपासणीला गेलो होतो. शेकआउटजवळचं, म्हणजे साच्यातून ओतीव माल झाडून काढायच्या मशीनजवळचं, इमर्जन्सी बटण मी दाबलं. बटणाचं मशरूमसारखं लाल डोकं आत गेलं, खट्कन अडकलं, आणि मशीन चालूच राहिलं. पुन्हा सोडून दाबलं. चालूच. पॅनेलमध्ये मॉड्यूलवर दोन्ही चॅनेलचे हिरवे दिवे शांतपणे जळत होते. टर्मिनलच्या मागे, डक्टच्या आत ढकललेले लाल वायरचे दोन तुकडे सापडले. टोकाला फेरूलची टोपी नाही, नंबर नाही, वर वाळूच्या धुळीचा बोटभर थर. म्हणजे कित्येक महिने ते तिथंच होते, आणि तेवढे महिने त्या मशीनपाशी उभा राहणारा माणूस हाताशी बटण आहे या भरवशावर काम करत होता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मॉड्यूल कितीही हुशार असलं तरी त्याला टर्मिनलपर्यंतच दिसतं. पहिल्या चॅनेलचा टेस्ट सिग्नल पहिल्यालाच आणि दुसऱ्याचा दुसऱ्यालाच लूप केला, तर त्याला यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणून खरंच बायपास करायची वेळ आली, तर ती प्रोग्रॅममधल्या की-स्विचच्या बायपासनंच, लेखी परवानगी घेऊन, वेळ ठरवून, आणि तेवढा वेळ त्या जागी वॉकीटॉकी घेऊन माणूस उभा करून. प्रोसेस प्लँटच्या सेफ्टी सिस्टिमचं मानक आयईसी ६१५११, त्यातही बायपासवर असंच नियंत्रण अपेक्षित आहे. वायरच्या तुकड्याला मुदत नसते.

चिकोडीकडची डिस्टिलरी

आता मुख्य गोष्ट. चिकोडीच्या बाजूला एका कारखान्याची डिस्टिलरी आहे. टँकर भरायच्या जागी लोखंडी खांबावर इमर्जन्सी बटण. ते दाबलं की लोडिंग पंप थांबतो, स्पिरिटच्या लाइनवरचा शटडाऊन वाल्व बंद होतो. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षभर त्याची वाफ पेट घेऊ शकते. त्या बटणाचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

मला बोलावलं तेव्हा मॉड्यूल दोनदा बदलून झालं होतं. दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवस बरं गेलं आणि मग पुन्हा डिस्क्रिपन्सी. मेंटेनन्सचे एक जुने मामा, ज्यांनी त्या प्लँटची पहिली केबल ओढली होती, मला म्हणाले, “मॉड्यूल बदललं की बरं होतंय बघ. म्हणजे दोष त्यातच आहे. कंपनी खराब माल पाठवूलालीय.” त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं.

एचएमआयवरचे, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवरचे, अलार्म इंग्रजीत, आणि एका दिवसानंतर जुने पुसले जायचे. म्हणून कंट्रोल रूममध्ये एक दोनशे पानी वही ठेवली. ट्रिप झालं की वेळ, चॅनेल नंबर, आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत काय काय केलं, एवढंच लिहायचं, ज्याला जी भाषा येते तीत. कुणी मराठीत लिहिलं, कुणी कन्नडमध्ये. पहिल्या ट्रिपला ऑपरेटरचा फोन आला, “मत्त ट्रिप आत्री, सर.” म्हणजे पुन्हा ट्रिप झालं. मी विचारलं, वहीत लिहिलंत का? लिहिलं होतं. तीन आठवड्यांत चार नोंदी झाल्या. त्यातल्या तीन कन्नडमध्ये होत्या आणि त्या तिन्हींत एक वाक्य सारखं होतं: ‘पंप चालू माडिद म्याले.’ पंप चालू केल्यावर. चौथी मराठीत होती, तीत लिहिलं होतं, ‘लोडिंग सुरू केलं आणि गेलं.’

वेगवेगळ्या शिफ्टच्या, एकमेकांना न विचारता लिहिलेल्या चार नोंदी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. जागेवर जाऊन बघितलं तर बटणाचा खांब लोडिंग पंपाच्याच फ्रेमवर वेल्ड केलेला. पंप उठताना खांबाला हात लावला तर हाताला झिणझिण्या येत होत्या.

मग मार्शलिंग पॅनेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या केबल जिथं एकत्र येतात त्या सुरक्षित भागातल्या पॅनेलमध्ये, मल्टिमीटर लावला. मॉड्यूलमधून बाहेर जाणारे २४.१ व्होल्ट. पहिल्या चॅनेलवर परत येणारे २३.५. दुसऱ्या चॅनेलवर १३.८. मॉड्यूल टाइप ३ चं, म्हणून ११ च्या वर आहे तोवर ते याला ‘चालू’च म्हणत होतं. हिरवा दिवा लागलेला, पण जेमतेम काठावर. पंपाचा हादरा बसला की काही मिलिसेकंद ते काठाखाली जायचं, पहिला चॅनेल मात्र ठाम उभा. मतभेद, लाल दिवा.

दहा व्होल्ट वाटेत कुठं गेले? त्या इनपुटचा करंट अडीच मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे वाटेत कुठंतरी चार हजार ओहम बसले होते. दोनशे मीटर तांब्याच्या केबलला एवढा विरोध असूच शकत नाही.

परमिट घेतलं, गॅस टेस्ट केली, पुरवठा बंद केला आणि बटणाचा फ्लेमप्रूफ डबा उघडला. दुसऱ्या चॅनेलचा कॉन्टॅक्ट ब्लॉक खोलून उजेडात धरला. चांदीच्या दोन टिकल्या असायला हव्या होत्या, त्या जागी काजळी धरल्यासारखे दोन काळे ठिपके. नखानं खरवडलं तर निघेनात. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन पावसाळ्यात काळं पडतं ना, अगदी तोच रंग.

आणि कारणही तेच. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे स्पिरिट काढून उरलेलं सांडपाणी, डायजेस्टरच्या टाकीत जातं, तिथं बायोगॅस होतो. आपल्याकडची बहुतेक साखर सल्फिटेशननं बनते, रसातून गंधकाचा धूर सोडतात, त्यातलं सल्फेट मळीत उतरतं आणि डायजेस्टरमधले जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्याचा तो वास तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. हा गॅस माणसाला विषारी, आणि चांदीवर त्यानं सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. डब्याच्या केबल ग्लँडचा रबर रिंग कडक होऊन चिरला होता, तिथून तो आत जात होता.

मोठा करंट तोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर असा थर टिकत नाही, प्रत्येक वेळी पडणाऱ्या ठिणगीनं तो जळून जातो. पण सेफ्टी इनपुटचा करंट दोन-चार मिलिअँपिअर. त्याच्यात थर जाळायची ताकद नसते. त्यात इमर्जन्सी बटण महिनोन्‌महिने कुणी दाबत नाही.

आता मामांचं कोडं. मॉड्यूल बदललं की बरं का व्हायचं? मी तो काळा पडलेला कॉन्टॅक्ट परत बसवला, पुरवठा दिला आणि मामांना सांगितलं, दहा वेळा दाबा आणि सोडा. त्यांनी दाबलं. मीटरवर आकडा चढत गेला: १३.८ वरून १७, मग २१, मग २३ च्या पुढं. कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासला की थर खरवडला जातो. दर वेळी नवीन मॉड्यूल बसवलं की नियमाप्रमाणे बटण दाबून टेस्ट केली जायची. आजार त्या दाबण्यानं आठ-पंधरा दिवसांपुरता बरा व्हायचा आणि श्रेय मॉड्यूलला जायचं. मामा बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग ती दोन मॉड्यूलं चांगलीच होती की गा.” चांगलीच होती. तपासून, टॅग लावून ती स्टोअरला जमा केली.

यासाठी काय केलं, आणि तुम्ही काय करावं

कॉन्टॅक्ट ब्लॉक सोन्याचा मुलामा असलेले घेतले, एनसी आणि सक्तीनं उघडणारे, म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटला तरी दाबण्याच्या जोरानं तुटणारे. त्या खुणेचा बाण आणि वर्तुळ ब्लॉकवर छापलेलं असतं, ते नसेल तर इमर्जन्सी बटणात तो ब्लॉक वापरूच नये. डेटाशीटमध्ये कॉन्टॅक्टचं किमान व्होल्टेज आणि किमान करंट दिलेला असतो. तुमच्या मॉड्यूलचं इनपुट त्यापेक्षा कमी करंट घेत असेल, तर तो कॉन्टॅक्ट कागदावरच नापास आहे, काळा पडायची वाटही बघू नका. आणि सोन्याच्या कॉन्टॅक्टमधून आधी कधी रिलेची कॉइल वगैरे चालवली असेल, तर मुलामा जळून गेलेला असतो. असा जुना ब्लॉक काढून इकडे लावू नका.

ग्लँड बदलले, तोंड खाली केलं. खांब पंपाच्या फ्रेमवरून कापून वेगळ्या फाउंडेशनवर उभा केला. हे शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त होतं.

मोजण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. मल्टिमीटरचा बीप वाजला म्हणजे कॉन्टॅक्ट ठीक, असं नाही. ब्लॉक काढून हाताळेपर्यंत तो घासला गेलेला असतो आणि बीप वाजतो. चालू स्थितीत, भार असताना, पॅनेलमध्ये परत येणारं व्होल्टेज मोजा. आणि ते बटणाला हात लावण्याआधी मोजा. एकदा दाबलं की पुरावा पुसला गेला.

कंट्रोल रूममध्येही हा गॅस येत असेल तर कार्डांचे ट्रॅक खराब होतात. त्यासाठी तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत ठेवून त्यांच्यावरचा थर मोजतात. आयएसए ७१.०४ या मानकाप्रमाणे तांब्यावर ३० दिवसांत ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवर २०० च्या आत असेल तर खोली बरी.

पावसाळ्यातला प्रकार वेगळा

जून ते सप्टेंबर ‘क्रॉस सर्किट’ येतंय आणि दिवाळीनंतर आपोआप जातंय, तर कॉन्टॅक्ट नाही, जंक्शन बॉक्स बघा. मॉड्यूल प्रत्येक चॅनेलचा पुरवठा ठरावीक वेळानं अगदी क्षणभर बंद करतं आणि बघतं की त्याच चॅनेलवर तो क्षण दिसतो का. यालाच टेस्ट पल्स म्हणतात. बॉक्समध्ये पाणी शिरून टर्मिनल ओले असतील, तर शेजारच्या चॅनेलचे व्होल्ट त्या ओलाव्यातून इकडे झिरपतात, पल्स पूर्ण खाली जात नाही, आणि दोन वायर एकमेकींना लागल्या असं मॉड्यूल समजतं. त्याचं चुकत नाही, लागल्याच आहेत, फक्त पाण्यातून. खानापूरकडच्या एका युनिटमध्ये बॉक्सच्या वरच्या बाजूनं केबल घेतली होती. केबल धरून पाऊस सरळ आत. खालून एंट्री, केबलला खाली झोल देऊन मग वर, न वापरलेल्या भोकांना मेटल प्लग. एवढ्यानं ते थांबलं. टर्मिनलवर सिलिकॉन ओतून ठेवू नका, पुढच्या माणसाला काहीच उघडता येत नाही.

लांब केबल असेल तरी टेस्ट पल्स बिघडते. केबलची कपॅसिटन्स व्होल्टेज पटकन खाली येऊ देत नाही. मॅन्युअलमध्ये केबलची कमाल लांबी दिलेली असते, आणि ती एका बाजूची की जाऊन-येऊन, हेही नीट वाचा. ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून सेफ्टीची केबल नेली असेल, तर ट्रे वेगळा केल्याशिवाय बाकी काही करण्यात अर्थ नाही.

रेझिस्टर कुठं बसवलाय?

काही मॉड्यूल टेस्ट पल्सऐवजी रेझिस्टरवर चालतात. कॉन्टॅक्टला एक सिरीजमध्ये आणि एक पॅरललमध्ये. त्यामुळं मॉड्यूलला चार वेगळ्या गोष्टी ओळखता येतात: कॉन्टॅक्ट जोडलेला, कॉन्टॅक्ट उघडलेला, वायर तुटलेली, वायर शॉर्ट झालेली. किंमत मॉड्यूलच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्यायची, अंदाजानं नाही.

हे रेझिस्टर बटणाच्या डब्यात, कॉन्टॅक्टपाशी बसवायचे असतात. मी तीन ठिकाणी ते पॅनेलमधल्या टर्मिनलवर, सुबक स्लीव्ह घालून बसवलेले बघितलेत. दिसायला सुंदर काम, पण केबलवरची सगळी देखरेख गेली. पॅनेलपासून बटणापर्यंतच्या केबलच्या दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर मॉड्यूलला ‘कॉन्टॅक्ट जोडलेला आहे, सगळं ठीक’ असंच दिसणार, कायमचं. मग कुणी कितीही जोरात बटण दाबो. उसाच्या भागात उंदीर-घुशी केबल कुरतडतात हे सांगायला नको, आणि कुरतडलेल्या केबलमध्ये वायर तुटतेच असं नाही, बऱ्याचदा शॉर्ट होते. ही चूक ट्रिप देत नाही, त्रास देत नाही, म्हणून कुणी शोधत नाही. तुमच्याकडे रेझिस्टरवाली मॉड्यूलं असतील तर ट्रिप होत नसलं तरी आजच हे बघा.

टाकीची पातळी बघणारे लेव्हल स्विच नामूर प्रकारचे, म्हणजे करंट कमी-जास्त करून अवस्था कळवणारे, असतील तर हीच विद्या सेन्सरच्या आतच असते. पुरवठा ८.२ व्होल्टच्या आसपास, १.२ मिलिअँपिअरच्या खाली एक अवस्था, २.१ च्या वर दुसरी, जवळजवळ शून्य म्हणजे वायर तुटली. मिलिअँपिअर मोजा, लगेच कळतं. ४ ते २० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरला ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर म्हणजे ट्रान्समीटरचा किंवा वायरचा दोष, प्रोसेसचा नाही. त्याला प्रोसेस ट्रिप समजून टाकी उघडायला जाऊ नका.

डिस्क्रिपन्सी टाइम वाढवण्याचा मोह

हे प्रोग्रॅमर मंडळींसाठी. ट्रिप थांबवायचा सोपा उपाय म्हणून हा वेळ काही मिलिसेकंदांवरून दोन-तीन सेकंदांवर नेलेला मी बघितलाय. थोडा वाढवावा लागतो, हे खरं. मशरूम फिरवून सोडताना हळू सोडलं की एक कॉन्टॅक्ट दुसऱ्यापेक्षा बराच नंतर जोडला जातो. गेट स्विचला तर आणखी वेळ लागतो. प्रत्यक्ष मोजा, त्यावर थोडी सवड ठेवा, तिथं थांबा.

पण त्याच पानावर आणखी एक पॅरामीटर असतो, तिकडं लक्ष द्या. मतभेदाच्या काळात मॉड्यूलनं काय कळवायचं: शून्य, की आधीची किंमत? ‘आधीची किंमत’ निवडली असेल आणि वेळ तीन सेकंद ठेवला असेल, तर एक कॉन्टॅक्ट उघडूनही मॉड्यूल तीन सेकंद ‘सगळं ठीक’ असंच कळवत राहू शकतं. टँकरच्या होसमधून स्पिरिट उडत असताना तीन सेकंद फार मोठे असतात. इएसडीसाठी शून्यच ठेवा.

ॲकनॉलेज आपोआप होऊ देणारा पर्यायही असतो. तो बंदच असावा. दोष गेला की कुणीतरी येऊन, बघून, जाणूनबुजून बटण दाबलं पाहिजे. आणि इमर्जन्सी बटण सोडल्यामुळं मशीन स्वतःहून सुरू होता कामा नये, हे आयएसओ १३८५० या इमर्जन्सी स्टॉपच्या मानकात स्पष्ट आहे.

पुरवठा

थोडक्यात. २४ व्होल्टचा पुरवठा २०.४ ते २८.८ च्या मध्ये राहिला पाहिजे. एकाच वेळी बरेच चॅनेल, कधी सगळं मॉड्यूल जात असेल, तर बटणं उघडत बसू नका, आधी पुरवठा बघा. दोन पुरवठे डायोडनं जोडलेले असतील तर नियोजित शटडाऊनमध्ये एकेक बंद करून बघा. एक कधीचाच मेलेला आणि दुसरा एकटा ओझं ओढतोय, असं हमखास सापडतं. सोलेनॉइड त्याच पुरवठ्यावर असतील तर त्यांना डायोड लावलेले आहेत का तेही बघा.

आणि मॉड्यूलच खराब असेल तर

असतंही कधीकधी. ओळखायचं असं: नियोजित शटडाऊनमध्ये, परमिट घेऊन, त्रास देणारी वायर तशाच सेटिंगच्या शेजारच्या चॅनेलवर आणि शेजारची इकडं बदलून लावा. फेरूलचे नंबर आधी फोटो काढून ठेवा. दोष वायरबरोबर सरकला तर बाहेरचा, त्याच चॅनेलवर राहिला तर मॉड्यूलचा. हा निकाल हाती आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. तपासून झालं की वायर परत जागेवर.

नवीन मॉड्यूल बसवताना त्याचा सेफ्टी ॲड्रेस बरोबर गेलाय, पॅरामीटर उतरलेत आणि प्रोग्रॅमचा सेफ्टी चेकसम, म्हणजे प्रोग्रॅम बदललेला नाही हे सांगणारा आकडा, पूर्वीचाच आहे, हे लिहून ठेवा. मग टेस्ट पूर्ण करा, म्हणजे खऱ्या बटणापासून खऱ्या वाल्वपर्यंत. वाल्वपाशी माणूस उभा करून वाल्व डोळ्यांनी बंद झालेला बघायचा. स्क्रीनवर चिन्हाचा रंग बदलला म्हणजे टेस्ट झाली असं नाही.

चिकोडीकडच्या त्या डिस्टिलरीत आता वहीच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता आखलाय. दर तीन महिन्यांनी, बटणाला हात लावण्याआधी, प्रत्येक चॅनेलचं परत येणारं व्होल्टेज लिहायचं, मगच बटण दाबून टेस्ट करायची. लोडिंगचं बटण गेल्या नोंदीत दोन्ही चॅनेलवर २३.५ होतं. फर्मेंटेशनच्या जिन्याजवळचं एक १९.७ वर आलंय, आधीच्या नोंदीत ते २२ होतं. ते अजून एकदाही ट्रिप झालेलं नाही. त्याचे ब्लॉक आणून ठेवलेत, गाळप थांबलं की पहिल्या आठवड्यात तो डबा उघडायचा आहे.